गावडे काका आणि बिनदाराची लिफ्ट

आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, लिफ्टमध्ये शिरलं की मी आजही उजवा तळहात भिंतीला टेकवते. मला त्यातून काही कळत नाही. पत्र्याची बारीक थरथर हाताला लागते, एवढंच. गावडे काकांना मात्र त्या थरथरीतून सगळं कळायचं. दोर कधी बदलायला झालाय, कोणत्या मजल्यावर दाराच्या खाचेत वाळू अडकली आहे, आणि आज लिफ्टचा मूड कसा आहे. हो, मूडच. डाव्या लिफ्टला ते 'थोरली' म्हणत आणि उजवीला 'धाकटी'. "थोरली कुरकुरते, पण दगा देत नाही. धाकटी गोड बोलते, तिच्यावर लक्ष ठेव," असं त्यांनी मला आम्ही सिंगापूरच्या बुकित पंजांगला राहायला आलो त्याच दिवशी सांगितलं होतं.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण सामान हलवण्याची माझी यादी होती आणि त्या यादीला पहिला धक्का काकांनी दिला. मी क्रमांक घातलेली खोकी लिफ्टसमोर रांगेत लावून उभी होते. एक ते चौतीस. तेवढ्यात पांढरी पँट, अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट आणि खिशात छोटा टॉर्च असा एक मध्यम उंचीचा गृहस्थ पुढे आला. त्याने माझ्या रांगेकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "कपाट सर्वांत शेवटी का ठेवलंत?"

"त्याचा नंबर चौतीस आहे," मी म्हणाले.

"नंबर तुमचा झाला. लिफ्टचं काय? ती आत्ता ताजी आहे. जड आधी, हलकं नंतर, माणूस सगळ्यात शेवटी." मग स्वतःच हसून म्हणाले, "मी गावडे. अकराव्यावर, तुमच्या समोरच्या दारात. कुडाळकडचा. तुम्ही पुण्याच्या ना? खोक्यांवरून ओळखलं."

चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतली लिफ्ट दुरुस्तीची नोकरी सोडून ते सिंगापूरला आले आणि निवृत्त होईपर्यंत लिफ्टच सांभाळत राहिले. हाताखाली पुष्कळ माणसं होती, पण साहेब झाल्यावरही शाफ्टमध्ये स्वतः उतरायचे. निवृत्तीनंतर ब्लॉकच्या दोन लिफ्ट त्यांनी कुणीही न सांगता दत्तक घेतल्या. तेराव्या मजल्यावरचे टॅन अंकल रोज सकाळी कॉफी आणायला निघताना विचारायचे, "गावडे, लिफ्ट ओके ऑर नॉट?" काका तळहात टेकवून गंभीरपणे सिंगापुरी इंग्रजीत उत्तर द्यायचे, "टुडे गुड मूड, लाह." मग दोघं खाली जायचे.

लिफ्टमधलं दार बंद करायचं बटण त्यांनी आयुष्यात कधी दाबलं नाही. मी दाबते. दाबल्याशिवाय मला चैन पडत नाही. ते माझ्या बोटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ती तिच्या वेळेला मिटणार आहे. घाई करायची नाही आणि वेळ चुकवायची नाही. बस्स." हे त्यांचं वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की गावडे काकू त्याचा दुसरा अर्धा भाग स्वयंपाकघरातून पूर्ण करायच्या. काकू म्हणजे वेगळंच प्रकरण. बुटक्या, चटपटीत, आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला शेपूट जोडणाऱ्या. "वेळ चुकवायची नाही म्हणे! लग्नाच्या मुहूर्ताला मांडवात कोण नव्हतं, विचार त्यांना. हॉलची लिफ्ट बघायला गेले होते."

एकदा गणपतीच्या आधी मी लिटल इंडियातून दोन भरलेल्या पिशव्या घेऊन येत होते आणि धाकटी सहाव्या-सातव्या मजल्याच्या मध्ये थांबली. दिवे चालू, पंखा बंद. मी अलार्म दाबला. माणूस अर्ध्या तासात येईल असं उत्तर मिळालं. मी स्वतःला फार धीट समजते. पण पाचव्या मिनिटाला माझा श्वास माझाच मला ऐकू यायला लागला. तेवढ्यात वरून, दारापलीकडून, प्लॅस्टिकचं स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"कोण आहे आत?"

"मी, वर्षा."

"एकटीच? बरं. खाली बस. यादी आहे का हातात?"

"काका, मला इथून बाहेर..."

"ते होईल. यादी असणारच तुझ्याकडे. वाच."

"कशाला?"

"तुझ्या गणपतीला काय काय लागतं ते मला कळू दे. सावकाश वाच. एकेक."

मी वाचायला लागले. सुपाऱ्या एकवीस. कापूर. जानवं. नारळ पाच. तिथे त्यांनी थांबवलं, "शेंडी आहे ना त्यांना? गेल्या वर्षी टकले आणले होतेस." मग तांदळाची पिठी, गुळाच्या दोन ढेपा, केळीची पानं. दूर्वांपर्यंत पोचले तेव्हा दार उघडलं आणि मला एकदम वाटलं, अरे, एवढ्यात? चाळीस मिनिटं झाली होती. काका स्टूल काखेत मारून जिन्याने परत निघाले होते. "अडकलेल्या माणसाला धीर द्यायचा नसतो," जाता जाता म्हणाले, "काम द्यायचं असतं."

त्यांच्या आजाराची सुरुवात आम्हा कुणाच्याच लक्षात आली नाही, याचं कारण त्यांचा सज्जनपणा. लिफ्टचं दार उघडायचं आणि काका बाहेरच उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, ते आम्हाला आधी जाऊ देतायत. आम्ही "थँक्यू काका" म्हणून आत शिरायचो. असे कित्येक आठवडे गेले. मग एकदा मी भाजी घेऊन परत आले तर काका अजून खालीच, त्याच जागी, त्याच पावलांवर उभे. थोरलीचं दार त्यांच्यासमोर उघडत होतं आणि मिटत होतं.

"वर्षा," ते हळूच म्हणाले, "पाय चिकटलेत गो."

डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, पार्किन्सन्स. हात फारसे थरथरत नव्हते, पण दाराशी, उंबऱ्याशी, जिथे एका जागेतून दुसऱ्या जागेत जायचं असतं नेमकं तिथे, पाय जमिनीला खिळायचे. जन्मभर ज्या माणसाने लोकांना दारातून आत-बाहेर केलं त्याच्या नशिबी हे. काका स्वतः मात्र या विषयावर यंत्राबद्दल बोलावं तसं बोलायचे. "मोटर ठीक आहे. सिग्नल उशिरा पोचतो." फिजिओथेरपिस्टने जमिनीवर रेघा आखायला सांगितल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो, किंवा कुणी ठेक्यात मोजलं की उचलतो. काकूंच्या चकचकीत फरशीवर लाल चिकटपट्ट्या लागल्या. "घराचं बॅडमिंटन कोर्ट केलंय," असं काकू येईल त्याला सांगायच्या.

त्याच सुमारास सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला जायचं होतं. मी त्याला जोडून तीन दिवस कुठेतरी फिरायचं ठरवत होते. काकांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "प्राग जवळच ना तिथून?"

मग आत जाऊन त्यांनी एक जुनी वही आणली. तिच्यात पेन्सिलीने काढलेलं एक चित्र होतं. उमेदवारीच्या काळात मुंबईतल्या त्यांच्या वस्तादाने काढून दिलेलं. दोन उभे बोगदे, त्यांत एकाखाली एक लाकडी खोल्या, एका बाजूने वर जाणाऱ्या, दुसऱ्या बाजूने खाली येणाऱ्या. दार नाही. बटण नाही. आणि थांबणं नाही. ती दिवसभर फिरत राहते, तुम्ही चालत्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं आणि चालत्या लिफ्टमधून उतरायचं.

"जपमाळेवरून तिला तिकडे काहीतरी नाव आहे," काका म्हणाले. "मला विचारशील तर तो आमच्या बागेतला रहाट. लोट्यांच्या जागी माणसं. प्रागला अजून काही चालू आहेत. नव्या बांधायला बंदीच आहे म्हणतात."

"चालत्या लिफ्टमध्ये पाऊल?" मी न राहवून म्हटलं. "काका, तुम्हाला थांबलेल्या लिफ्टमध्ये..."

"म्हणूनच आत्ता," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पाय विचारणार नाहीत. मला एकदा चढायचंय. बघायचं नाही, चढायचंय."

काकूंनी नेहमीचं शेपूट जोडलं नाही. त्यावरून मला कळलं की हे त्यांच्यात आधीच बोलून झालं आहे.

पुढचा महिनाभर बुकित पंजांगच्या मॉलमध्ये गावडे दांपत्य एस्कलेटरवर सराव करत होतं. काकू वर उभ्या राहून एक-दोन-तीन म्हणायच्या आणि काका खालून पायरी पकडायचे. दहातली सहा वेळा जमायचं. तिथल्या सफाई कामगार मावशी त्यांच्यासाठी गर्दी बाजूला करायच्या आणि जमलं की टाळ्या वाजवायच्या.

मी प्रागची यादी केली. तीन दिवस, चौदा जागा, प्रत्येकीपुढे उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, स्वच्छतागृह कुठे, बसायला बाक आहे का. राजवाडा, त्यातलं मोठं चर्च, दगडी पूल, जुन्या चौकातलं घड्याळ, सगळं चालण्याच्या अंतरानुसार लावलेलं. काकांची लिफ्ट ज्या सरकारी कचेरीत होती ती नदीच्या अलीकडे, म्हणून तिला शनिवारी सकाळी, घड्याळानंतर टाकलं. नववा क्रमांक.

सतीशचं काम आटोपल्यावर गुरुवारी दुपारी आम्ही दोघं आणि काका-काकू असे चौघं प्रागला पोचलो. शहर देखणं, यात वाद नाही. पण काका खालीच बघत होते. तिथल्या फुटपाथवर काळ्या-पांढऱ्या बारीक दगडांची चौकटींची नक्षी असते. "हे बघ," ते सतीशला म्हणाले, "सगळ्या गावाने माझ्यासाठी रेघा मारून ठेवल्यात." आणि खरोखरच त्या दगडांवर ते घरच्यापेक्षा चांगले चालले.

शुक्रवारी आम्ही टेकडीवरच्या राजवाड्यात होतो. दुपारचा सव्वा वाजला होता, चर्चच्या मनोऱ्यासाठी लांब रांग होती आणि मी यादीवर पाचव्या क्रमांकावर खूण करायच्या बेतात होते. काकूंनी सहज विचारलं, "अगं, उद्या त्या लिफ्टकडे किती वाजता जायचं?"

मी यादी पाहिली. चौदा जागांपैकी तेरांपुढे वेळा लिहिलेल्या होत्या. नवव्या क्रमांकापुढची जागा कोरी होती.

माझी चूक मी समजावून सांगू शकते, पण माफ करू शकत नाही. अठरा वर्षं सिंगापूरच्या ब्लॉकमध्ये राहिल्यावर लिफ्टला उघडण्या-मिटण्याच्या वेळा असतात हे डोक्यातच येत नाही. आमच्याकडे लिफ्ट बंद असेल तर ती बिघडलेली असते. मी फोनवर शोधलं. कचेरी शुक्रवारी तीनपर्यंत. शनिवार-रविवार बंद. रविवारी सकाळी आमचं परतीचं विमान.

मी ते मोठ्याने वाचलं. सतीश माझ्याकडे न बघता टॅक्सी शोधायला लागला. काका म्हणाले, "लिफ्टला शनिवार-रविवार! चांगली नोकरी आहे तिची." मग काठी सरळ करून, "चला. घाई करायची नाही."

"आणि वेळ चुकवायची नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

राजवाड्याच्या फाटकापर्यंत नीट आलो. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी उभे असतात, डोळ्याची पापणीही न हलवणारे. नेमके त्यांच्या मधोमध, उंबऱ्यावर, काकांचे पाय चिकटले. दोन बाजूंना दोन निश्चल पहारेकरी, मध्ये निश्चल काका. पर्यटकांच्या एका घोळक्याला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली.

"तिघांतला कोण आधी हलतोय बघू या," काकू म्हणाल्या.

काकांना हसू फुटलं, आणि हसण्याच्या धक्क्याने पाय सुटला.

टॅक्सीने शेजारच्या पुलावरून नदी ओलांडली. दगडी पूल, यादीतला सहावा क्रमांक, मी खिडकीतूनच पाहिला. पुतळे आहेत, पुष्कळ आहेत. जुन्या चौकाच्या अलीकडे रस्ता गाड्यांना बंद होता, म्हणून तिथून पुढे चालत. चौकातून जाताना घड्याळाखाली माणसं माना वर करून दोनचे टोले पडायची वाट बघत होती. सातवा क्रमांक. आम्ही त्यांच्या पाठीमागून गेलो आणि कुणी वळूनही पाहिलं नाही. काका दगडांच्या चौकटी मोजत होते, मी मिनिटं. दहा मिनिटांच्या वाटेला आम्हाला चाळीस लागली.

कचेरीत शिरलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. करड्या सदऱ्यातला, जाड मिशीचा एक पहारेकरी घड्याळाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. सतीशने इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी विनवणी केली. काकांनी काहीच केलं नाही. खिशातून ती वही काढून चित्राचं पान त्याच्यापुढे धरलं. पहारेकऱ्याने चित्राकडे पाहिलं, काकांच्या काठीकडे पाहिलं आणि आम्हाला आत नेलं.

आणि ती समोर होती. चित्रातल्यासारखीच. गडद लाकडाच्या खोल्या जमिनीतून उगवत होत्या आणि छतात जात होत्या, शेजारच्या बाजूने छतातून उतरत होत्या आणि जमिनीत जात होत्या. आवाज फार नाही, जुन्या झोपाळ्यासारखा. काकांनी आधी काय केलं असेल? चौकटीच्या लाकडाला तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

"कशी आहे?" सतीशने विचारलं.

"म्हातारी आहे," काका म्हणाले. "पण कुरकुर नाही."

मग ते तिच्यासमोर उभे राहिले. एक खोली आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसरी. त्यांचा उजवा पाय उचलण्याच्या बेतात यायचा आणि टाच जमिनीलाच राहायची. पहारेकऱ्याने भिंतीवरचं लाल बटण दाखवलं, म्हणजे मी थांबवतो, मग चढा. काकांनी मान हलवली. "थांबवून चढायचं तर आमची थोरली काय वाईट होती?" सतीश हात धरायला पुढे झाला. "हात नको." काकू मोजायला लागल्या, एक, दोन, तीन. पण त्यांचाच ठेका चुकत होता. पाचवी गेली. सहावी गेली.

"होईल हो," काकू म्हणाल्या. "सावकाश होईल."

"धीर नको," काका म्हणाले. कपाळावर घाम होता, डोळे समोरच्या लाकडावर. "वर्षा. यादी आहे का हातात?"

यादी हातात होतीच. ती घामाने ओली झाली होती.

"वाच गो. एकेका खोलीला एक."

मी वाचायला लागले. खोली फरशीच्या पातळीला आली की एक नाव. राजवाडा. चर्च. सोनारांची गल्ली. पुस्तकांचा मठ. मी आवाज सपाट ठेवला, सामान मोजून घ्यावं तसा. मनोरा. दगडी पूल. माझ्या पाठीमागे पहारेकरी खुर्ची सरकवायचा थांबला होता. सातव्या नावाला, "घड्याळ," मी म्हटलं, आणि काकांचा पाय रेघ ओलांडावी तसा उचलला गेला, काठी मागे माझ्या पायाशी पडली, आणि गावडे काका त्या लाकडी खोलीत आमच्याकडे तोंड करून उभे होते. उभे होते म्हणेपर्यंत वर चालले होते. चेहरा गेला, चौकडीचा शर्ट गेला, शेवटी बूट गेले.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "आता वर गेल्यावर उलटी होते का ती?"

"नाही," मी म्हणाले, कारण काकांनी मला सांगितलं होतं. "बाजूला सरकते आणि तशीच खाली येते."

तरी आम्ही चौघं, पहारेकऱ्यासकट, दुसऱ्या बोगद्याकडे बघत उभे राहिलो. रिकाम्या खोल्या उतरत होत्या.

काका आता नाहीत. त्या सहलीनंतर दीड वर्षाने गेले, घरी, लाल पट्ट्यांच्या फरशीवर चालत चालत बरेच महिने काढून. आमच्या ब्लॉकच्या दोन्ही लिफ्ट आता बदलायच्या आहेत, तशी नोटीस लागली आहे. प्रागची ती यादी माझ्याकडे आहे. चौदापैकी पाच खुणा. शनिवारी आम्ही चौकात बसून चॉकलेट प्यायलो आणि मी काहीही पाहिलं नाही. काका त्या लिफ्टमधून शेवटी उतरले कसे, ही गोष्ट काकू फार छान सांगतात, पहारेकऱ्याच्या मिशीसकट, आणि दर वेळी त्यात एक फेरी वाढते. ती त्यांनाच विचारावी.

मला काका दिसतात ते लिफ्टमधून बाहेर पडताना नव्हे. आधी दोन बूट दिसले, छतातून खाली आलेले, अगदी जुळवून ठेवलेले. मग पँट, मग चौकडीचा शर्ट, आणि मग भिंतीला टेकवलेला तळहात. चेहरा आमच्यासमोर आला तेव्हा काकू ओरडल्या, "अहो, उतरा!" त्यांनी ऐकलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"किती राहिली यादीत?"

"सात," मी म्हणाले.

खोली जमिनीत चालली होती. बूट गेले, पँट गेली, फरशीच्या वर फक्त चेहरा आणि तो टेकवलेला हात राहिला.

"मग थांबलीस कशाला?" काका म्हणाले. "वाच."